काळ्या चिंचोक्याचा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, हाल झाले ते आईचे. पण आमच्या धानाच्या मुलखात पायाळू माणसाच्या पायाला फार भाव. कुणाची कंबर धरली, उसण भरली, पाठीत चमक निघाली की पायाळूचा पाय लावून घ्यायचा, हा ठरलेला उपाय. चामोर्शीच्या आसपासच्या गावांत तेव्हा पायाळू म्हणून माहीत असलेली मी एकटीच होते, आणि जिथे बाया अख्खा पावसाळा ओणव्यानं धान रोवतात तिथे दुखणाऱ्या कमरांना काय तोटा.

पाय लावायची आमच्याकडची रीत अशी होती. दुखणाईत माणसानं सूर्य उगवायच्या आधी अंगणात येऊन पालथं पडायचं. मी त्याच्या कमरेला डावा पाय तीनदा लावायचा. दोघांनीही बोलायचं नाही. उठून जाताना त्यानं मागे वळून माझ्याकडे बघायचं नाही. बघितलं तर गुण गेला. मला आठवतं तेव्हापासून मी हे करत होते, आणि त्याआधी आई मला कडेवर धरून माझा पाय लोकांच्या पाठीला टेकवत असे. थंडीत गार पाय लागला की लोक कुरकुरत, म्हणून आई आधी माझे पाय चुलीशी शेकून घेई. शेकायचे फक्त पाय, बाकीची मी कुडकुडत बसे.

गुण आला तर तो पायाचा. नाही आला तर त्या माणसानं मागे वळून बघितलं असणार. असा हा उपाय कधी हरायचाच नाही. थोडी मोठी झाल्यावर मला या लबाडीचा राग यायला लागला, आणि तो राग आजही गेलेला नाही.

पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. त्यामुळे पावसाळ्यात ढग वाजले की मला घरात कोंडत. बाकीच्या पोरी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखल उडवत रोवणी करत, गाणी म्हणत, आणि मी कोठीच्या खोलीत धानाच्या कणग्यांशेजारी. एकदा चांगलं कडकडत असताना मी दार ढकलून अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिले आणि वर बघून म्हटलं, ये. वीज आली नाही, आई आली. पाठीवर रट्टे बसले, पण त्या दिवसापासून माझ्या मनातली विजेची भीती संपली आणि पायावरचा उरलासुरला विश्वासही.

बापाला मात्र या पायाचा अभिमान होता. बाप पैशाच्या मागे लागणारा नव्हता, पाय लावायचं तो कुणाकडून काही घेत नसे. त्याला मान हवा होता. आमच्या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, मोठे गृहस्थ. कायद्यानं मालगुजारी गेली होती, पण मालगुजार कुठे गेले नव्हते. त्यांच्या ओसरीवर माझा बाप कधी बसला नाही, उभ्यानंच बोलायचा. तेच मालगुजार कंबर धरली की पहाटे आमच्या अंगणात येऊन पालथे पडत. त्या दिवशी बापाची चाल बदललेली असे. हे सुख तो सोडणार कसा?

मी सातवी पास झाले आणि म्हटलं, मला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन नर्सचं शिकायचं आहे. घरात कुणी रागावलं नाही, सगळे हसले. बाप म्हणाला, पाय गावाचा आहे, तो बाहेर कसा जाईल? गावकऱ्यांचंही तेच मत. रोवणीनंतर आमच्या कमरांचं काय, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. आपल्याच गावात शिक्षा भोगावी तशी मी घरी बसले. लग्नसुद्धा गावातच करून द्यायचं घाटत होतं, म्हणजे पाय गावात राहील.

त्याच वर्षी चामोर्शीच्या दवाखान्यात नागपूरहून एक डॉक्टर यायला लागले. ते बाजाराच्या दिवशी येत आणि फक्त जुनाट कंबरदुखी बघत. ज्यांची कंबर महिनोन्महिने, वर्षानुवर्षं दुखते आहे अशांनीच यावं, असा त्यांनी निरोप फिरवला होता. औषधापेक्षा प्रश्न फार विचारतात, अशी त्यांची ख्याती झाली. कधीपासून दुखतं, काय करताना दुखतं, बसून जास्त की उभं राहून, कळ पायात उतरते का. मग माणसाला उताणं निजवून त्याचा पाय सरळ वर उचलून बघत. बाया लाजत, म्हणून त्यांना मदतीला एक बाई हवी होती. कंपाउंडर आमच्या नात्यातला. त्यानं माझ्या आईला विचारलं, आणि बाजाराच्या दिवसापुरतं मला दवाखान्यात जायला मिळालं. तेवढंही माझ्यासाठी खूप होतं.

डॉक्टरांनी मला सांगितलं ते साधंच होतं. दोन मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती असते. ती सरकून शिरेवर दाब आला तर कळ पायात उतरते, आणि ते दुखणं हट्टी असतं. पण बहुतेकांच्या कमरेत तसं काही सापडत नाही. त्यांची का दुखते? डॉक्टर म्हणाले, ठाऊक नाही, म्हणूनच तर मी आलो आहे. त्यांना वाटलं होतं की ओणवं काम करणाऱ्या बायांची जास्त दुखत असेल. पण जन्मात धानाचं रोप हातात न धरलेले मालगुजारही त्याच रांगेत होते, आणि जंगलातून डोक्यावर लाकडाची मोळी आणणाऱ्या काही म्हाताऱ्या ताठ चालत होत्या. डॉक्टर याच्यावर तासन् तास विचार करत. ‘ठाऊक नाही’ म्हणणारा डॉक्टर लोकांना पसंत पडला नाही. मला पडला.

उपाय म्हणून ते काहींना फळीवर झोपायला लावत, काहींना पट्टा बांधत, काहींना नुसत्या गोळ्या देत, आणि कुणाला कशानं बरं वाटतं ते ताडून बघत. पण लोक त्यांच्या गोळ्या घेऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे माझा पाय लावून घेत, आणि बरं वाटलं की दोघांनाही श्रेय देत. डॉक्टरांचा सगळा हिशेब त्यामुळे बिघडत होता. हे त्यांना कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. म्हणाले, तू इथे काम करतेस आणि घरी हे चाळे करतेस. मीही चिडले. मी म्हटलं, मी करत नाही, माझ्याकडून करवून घेतात. तुम्ही फळी तपासून बघता, पट्टा तपासून बघता, मग माझा पाय का नाही तपासत?

डॉक्टरांनी पायाची सगळी रीत विचारून घेतली. मागे वळून बघायचं नाही, बोलायचं नाही, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, हे तर फारच सोयीचं आहे. पालथ्या माणसाला पाय कुणाचा ते कळणारच नाही. कधी तुझा पाय लावू, कधी दुसऱ्या साध्या मुलीचा, आणि बघू.

मी घरी जाऊन बापाला सांगितलं. बापाला काही भीती वाटली नाही, उलट पायाची परीक्षा नागपूरचा डॉक्टर घेणार म्हणून तो फुलला. मी त्याच्याकडून शब्द घेतला, कंपाउंडरच्या देखत. बाप म्हणाला, “खोटा निघाला त जाजो चांद्याले. पन खरा निघाला त पुन्हा नर्सचं नाव नाई काढाचं.”

लोकांनाही सांगितलं होतं की दोन मुली असतील, कुणाची पाळी कधी येईल ते सांगणार नाही. लोक हसून तयार झाले. पायाळूचा पाय लागला की आम्हाला आपोआप कळतं, असं प्रत्येकाचं म्हणणं. अडलं ते दुसऱ्या मुलीपाशी. पायाळूला मुभा असते, पण साध्या पोरीनं मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणजे पाप. गावातलं एकही घर आपली पोर द्यायला तयार होईना. मी माझ्या सख्ख्या चुलत बहिणीला विचारलं तर तिनं कानांना हात लावले.

हो म्हणाली ती माझी शाळेतली मैत्रीण. तिचं घर नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यात. अस्पृश्यता कायद्यानं बंद झाली होती, पण ती बातमी अजून गावच्या विहिरीपर्यंत पोचली नव्हती. तिच्या आईला कुणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा घागर भरता येई. शाळेत ती दाराशी बसायची आणि गणितात माझ्या पुढे असायची. तिचा बाप मालगुजारांच्या शेतावर राबायचा. मी तिला सगळं नीट सांगितलं, कुणाकुणाला पाय लावायचा तेही सांगितलं. ती म्हणाली, “त्याईले मी शिवली त चालत नाई. पाय लावलेला चालते का, पाहू.” डॉक्टरांना ती एक चुणचुणीत मुलगी दिसली, कुठल्या घरची ते त्यांनी विचारलं नाही.

कुणाला कुणाचा पाय लागणार हे ठरवायला डॉक्टर नाणं काढायला लागले. मी त्यांना फुटका चिंचोका दिला. आम्ही पोरी चिंचोके मधोमध फोडून सोंगट्यांच्या खेळात फाशासारखे टाकायचो, एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी पडली तर मी, काळी पडली तर ती. रीतीप्रमाणे सूर्य उगवायच्या आधी कंपाउंडर बाहेर चिंचोका टाकी, आम्ही आतल्या खोलीत असू. माणूस येऊन फळीवर पालथा पडे. आमच्यापैकी एक पुढे होऊन पाय लावी. माणूस उठून, मागे न बघता, दारातून निघून जाई. पुढच्या बाजारांना डॉक्टर त्यांना पुन्हा तपासत.

मालगुजारही आले. डॉक्टरांवर त्यांचा भरवसा नव्हता, पण पाय तर लावून घ्यायचाच होता. बाहेर चिंचोका काळा पडला. माझ्या मैत्रिणीनं पदर खोचला, पुढे झाली, आणि तिच्या बापाला ओसरीची पायरी चढू न देणाऱ्या माणसाच्या कमरेवर तिनं तीनदा डावा पाय टेकवला. शेवटचा जरा जास्तच वेळ टेकवला असं मला वाटलं. मालगुजार उठले आणि व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पाय पडताच आपण ओळखला, पायाळूचाच, पाठीतून ऊब खाली गेली. आम्ही दोघी आत एकमेकींच्या तोंडावर हात दाबून हसत होतो.

त्यांना गुणही आला. पुढचे कितीतरी बाजार ते छकड्यातून न कण्हता उतरत. जो भेटेल त्याला माझ्या पायाची महती सांगत.

रोवणी आटोपून धान निसवायला लागलं तेव्हा एका बाजारी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. दवाखान्याचं अंगण भरलं. मालगुजारांना खुर्ची दिली होती, माझा बाप त्यांच्या मागे उभा. मैत्रीण फाटकाजवळ कडुलिंबाखाली बसली होती. डॉक्टर साध्या शब्दांत बोलले. पायाळू मुलीच्या पायानं जितक्यांना बरं वाटलं तितक्याच लोकांना दुसऱ्या मुलीच्या पायानंही वाटलं आहे. ज्यांची कळ पायात उतरते त्यांना दोघींच्याही पायानं काही झालेलं नाही. आणि मग ते थांबून म्हणाले, याआधी मी ज्यांना फळीवर झोपवलं त्यांचंही असंच आहे, तेव्हा माझी फळीसुद्धा या पायापेक्षा थोर नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मान दिला. बहुतेक कंबर आपापली वेळ घेऊन हलकी होते असं दिसतं, का ते अजून शोधायचं आहे, असं म्हणून त्यांनी संपवलं.

अंगणात कुजबुज झाली. मालगुजार खुर्चीतून हसले. म्हणाले, दुसऱ्यांचं असेल तसं, पण मला पायाळूचाच पाय लागला आणि माझं दुखणं त्यानंच गेलं, तेव्हा पाय खरा. माझा बाप मान हलवायला लागला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मालक, तुमच्या वेळी चिंचोका काळा पडला होता.”

मालगुजारांनी विचारलं, मग कोणाचा पाय? डॉक्टर बोलेनात. आम्ही कुणाला घेतलं होतं ते कंपाउंडरनं त्यांना त्याच सकाळी सांगितलं होतं, आणि नाव घेतलं तर काय होईल तेही. नाव नाही, म्हणजे दुसरी कुणी नव्हतीच, असं बाप मोठ्यानं म्हणाला. पोरगी एकच होती आणि पाय खरा निघाला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला कळलं की चांद्याचा रस्ता बंद होतो आहे. तोंड उघडलं तर मी सुटते आणि तिचं घर मरतं. मी दात आवळून उभी राहिले. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा आला नाही, कारण तो कुठे काढता येत नव्हता.

फाटकापाशी ती उठली. लुगड्याची धूळ झटकली आणि लोकांमधून वाट काढत पुढे आली. लोक अंग चोरून बाजूला झाले, त्यामुळे वाट चांगली रुंद झाली. खुर्चीसमोर उभी राहून ती म्हणाली, “तो पाय माहा होता.”

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले, खांद्याला खांदा लावून.

मालगुजार लाल झाले. हात उगारून ते खुर्चीतून ताडकन उठले आणि अर्ध्यावरच थांबले. कमरेत लचक भरली होती. धड उठता येईना, धड बसता येईना. एक हात वर, एक हात कमरेवर. ती त्यांच्याकडे बघत होती. मग अगदी अदबीनं, घरच्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, “पुन्हा एकदा लावू का पाय, मालक?”

पहिला हसला तो डोंगराकडच्या गोंड गावातला म्हातारा. त्याच्याही कमरेला तिचाच पाय लागला होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. तो हसला, मग बाया पदरात हसल्या, मग हसू आवरेना. मालगुजारांना चौघांनी उचलून छकड्यात घातलं.

त्यांनी गोमूत्रानं अंग धुतलं असं नंतर कळलं. कमरेचं दुखणं मात्र धुतलं गेलं नाही. बाटल्यावर जे महिने त्यांनी काढले ते सुखाचे होते, शुद्ध झाल्यापासून कण्हणं सुरू झालं. गावानं डॉक्टरांचं म्हणणं मात्र मानलं नाही. गावानं वेगळाच अर्थ काढला. दोघी एकाच फळीशी उभ्या राहिल्या, एकमेकींना शिवल्या, तेव्हा माझ्या पायाचा गुण बाटून गेला, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या अंगणात कुणी आलं नाही, त्यानंतरही कधी नाही. म्हणजे मला मोकळं केलं ते शास्त्रानं नाही, विटाळानं केलं. मला याची लाज वाटत नाही, मला याची चीड येते. ज्या खुळ्या समजुतीनं मला कोंडलं होतं, तिच्याहून वाईट समजुतीनं माझं दार उघडलं. पण दार उघडं दिसल्यावर मी विचार करत बसले नाही. बाप दोन महिने माझ्याशी बोलला नाही, पण दिलेला शब्द त्यानं फिरवला नाही.

तिच्या बापाला मालगुजारांनी शेतावरून काढलं. तो लाकडाच्या आगारात मजुरीला गेला. माझ्यापायी झालं का, असं मी तिला विचारलं तर ती माझ्यावरच भडकली. म्हणाली, पाय माझा, हिंमत माझी, तू मधे कुठून आलीस. डॉक्टरांनी दोघींच्या अर्जांना हातभार लावला आणि आम्ही एकाच बसनं, एकाच बाकावर बसून चांद्याला गेलो. पुढे कंबरदुखीचे कितीतरी रोगी आम्ही बघितले. फळ्या गेल्या, पट्टे आले, पट्टे गेले, हिंडतं राहा म्हणणारे डॉक्टर आले. ‘ठाऊक नाही’ म्हणणारे फार थोडे भेटले.

पहिल्या दिवाळीला आम्ही गावी आलो. मी तिच्याकडे फराळ घेऊन गेले होते तेव्हा मालगुजारांचा गडी नाल्याच्या गावाकडच्या काठावर उभा राहून हाका मारायला लागला. मालकांचं दुखणं फार बळावलं आहे, असं तो म्हणाला. नागपूरलाही दाखवून झालं, पण तेव्हा आला होता तसा गुण कशानं येत नाही. मालकांनी सांगितलं आहे की पोरीनं उद्या पहाटे मागच्या दारानं येऊन जावं, कुणाला कळणार नाही.

तिची आई घाबरून तिच्याकडे बघायला लागली. ती ओट्यावर बसून माझ्या ताटातला अनारसा खात होती. सावकाश घास संपवला, हात धुतला.

“समोरच्या दारानं बोलावलं त येईन म्हना,” ती म्हणाली, “दिवसा. अन् माहा बापबी संगं येईन, ओसरीवर बसाले.”

गडी निरोप घेऊन गेला. बोलावणं आलं नाही. मालगुजार त्यानंतर बरीच वर्षं जगले, कंबर धरून.